हजेरी

“ही पोरगी कुनाची हजेरी घेती रं?”

रात्रीचे अडीच वाजलेले. बाप भिंतीकडं तोंड करून झोपलाय असं मी धरून चाललो होतो. दहा बाय बाराची आमची खोली. दुसरी पाळी संपवून आलो की भात खायचा आणि फोनवर कायतरी हळू आवाजात लावायचं, ही माझी सवय. त्या रात्री इयरफोन बिघडला होता म्हणून फोन ताटाशेजारी ठेवून तसंच ऐकत होतो. एक लहान मुलगी इंग्रजीत नावं वाचत होती. एकामागून एक. गाणं नाही, रडणं नाही. मागं मोजकंच वाद्य. अमादू डियालो. ट्रेव्हॉन मार्टिन. नावं संपत नव्हती.

बापाला इंग्रजी येत नाही. पण हजेरी कळते. विक्रोळीच्या कारखान्यात जन्मभर हजेरी दिली त्यानं.

मी म्हटलं, “मेलेल्यांची.”

“कशानं मेले?”

“गोळीनं. अमेरिकेतली काळी माणसं. कुणी पोलिसाच्या गोळीनं, कुणी बंदूकवाल्या पहारेकऱ्याच्या.”

बाप बराच वेळ गप्प. मग म्हणाला, “लाव परत.”

दोस्तांनो, मी जॅझवर लिहायला बसलोय. तुमच्यातले निम्मे आत्ताच हसतील. साल्याला मोर्चा सोडून सॅक्सोफोन सुचतोय. हसा. पाच-सहा वर्षांपूर्वी मीपण हसलो असतो. जॅझ म्हणजे जुन्या हिंदी सिनेमातल्या क्लबात वाजतं ते. खलनायकाच्या हातात ग्लास, बाईच्या हातात सिगरेट. कुलाब्याच्या लोकांचा कारभार. घाटकोपरच्या हायवेला लागून असलेल्या वस्तीतल्या पोराचा त्याच्याशी काय संबंध?

संबंध आहे. तो कसा सापडला तेच सांगायचंय.

ती मुलगी नावं वाचते ती तबकडी २०१४ सालची. ट्रम्पेटवाला अँब्रोज अकिनमुसिरे. त्या तुकड्याचं नाव ‘रोलकॉल फॉर दोज अब्सेंट’. गैरहजर असलेल्यांची हजेरी. हा अकिनमुसिरे ओकलंडचा. ओकलंड म्हटल्यावर तुमचे कान टवकारले पाहिजेत. १९६६ साली ब्लॅक पँथर पक्ष निघाला तो याच गावात. त्यांच्यावरून आपल्या पोरांनी १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी केली. त्याच ओकलंडात २००९ सालच्या १ जानेवारीला, रेल्वे स्टेशनच्या फलाटावर, पालथ्या पाडलेल्या ऑस्कर ग्रांट नावाच्या निःशस्त्र पोराला पोलिसानं गोळी घातली. पोरगा बावीस वर्षांचा. २०११ साली अकिनमुसिरेनं त्याच्यावर एक तुकडा केला. त्यात ट्रम्पेट नाही. ढोलावर तो स्वतः बोलतो. माझं नाव ऑस्कर, एवढंच म्हणतो जणू. मी रोज घाटकोपरच्या फलाटावर उभा राहतो. ते ऐकल्यापासून फलाटाकडं मी वेगळ्या नजरेनं बघतो.

आणि आमचा १९९७ चा ११ जुलै. तुम्हांला सांगायला नको, पण लिहितो. आमची खोली रमाबाई आंबेडकर नगरपासून हाकेच्या अंतरावर. मी सहा वर्षांचा. सकाळी बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार दिसला, लोक रस्त्यावर आले, आणि पोलिसांनी गोळीबार केला. दहा माणसं मेली. मला काय आठवतं? आईनं मला कॉटखाली ढकलल्याचं, आणि तिथं पडलेल्या एका पत्र्याच्या डब्याचा वास. पुढं काही दिवसांतच मुलुंडच्या झोपडीत शाहीर विलास घोगरेंनी स्वतःला संपवलं. अख्खं आयुष्य डफावर लोकांना उठवणारा माणूस. ते मला फार नंतर कळलं. ‘जय भीम कॉम्रेड’ २०११ साली आला तेव्हा.

तर त्या रात्री बाप परत ऐकत होता. ऐकून झाल्यावर म्हणाला, “आपली धा.” आणि कूस बदलून झोपला.

जॅझ मला कुणी पुस्तकातून दिला नाही. अंधेरी पूर्वेला एमआयडीसीत मी रात्रपाळी करत होतो. माझ्यासोबत एक गोवेकर मित्र. त्याचा आजा मुंबईत ट्रम्पेट वाजवायचा. मरोळ नाक्याला पहाटे तीनच्या चहाला त्यानं इयरफोनची एक वायर माझ्या कानात घातली. जॉन कोल्ट्रेनचं ‘अलाबामा’, १९६३ सालचं. सॅक्सोफोन एखाद्या म्हाताऱ्या बाईनं दम घेत घेत सांगावं तसा बोलत होता. मित्र म्हणाला, “ह्या वर्षी सप्टेंबरात बर्मिंगहॅमच्या चर्चमध्ये गोऱ्यांनी बाँब ठेवला. चार पोरी मेल्या. त्याच्यावर आहे.” मी म्हटलं, शब्द कुठायत? म्हणाला, “शब्द कशाला पाहिजेत?”

च्यायला, मला वाटायचं विद्रोह म्हणजे शब्द. कविता, भाषण, घोषणा.

मग वेड लागलं. एकदा पगाराच्या दिवशी तिकीट काढून शहरातल्या एका सभागृहात प्रत्यक्ष ऐकायला गेलो. तिकीट हातात. दारावरच्या माणसानं मला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि म्हणाला, “डिलिव्हरी है क्या? पीछे से.” आत गुलामांच्या नातवंडांनी घडवलेलं संगीत चाललेलं आणि दारावर मला मागची वाट. नंतर वाचलं की अमेरिकेतही काळे वादक गोऱ्यांच्या हॉटेलात वाजवायचे आणि आत शिरायचे स्वयंपाकघराच्या दारानं. वाचून बरं वाटलं असं नाही. पण एकटा नाही एवढं कळलं.

आता माझ्या घरातली गोष्ट. इथं खरी गाठ आहे.

आमच्या खोलीत पाण्याच्या हंड्याखाली एक लोखंडी कडं आहे. हंडा लवंडू नये म्हणून. लहानपणापासून बघतोय. ते कडं म्हणजे माझ्या आज्याचं डफडं. आमचं गाव अकोले तालुक्यात. लग्न असो, मयत असो, देवाची पालखी असो, पाटलाचा सांगावा आला की आज्यानं डफडं शेकायचं, गळ्यात अडकवायचं आणि निघायचं. पुढं वाजवत चालायचं, पण पंगतीला मागं बसायचं. तेही सगळे उठल्यावर. १९५६ साली बाबासाहेबांनी नागपूरला दीक्षा दिली. आज्यानं मेलेलं ढोर ओढणं सोडलं, येसकरकी सोडली आणि डफडंही सोडलं. पुढच्या उन्हाळ्यात गावात मोठं लग्न होतं. सांगावा आला. आजा गेला नाही. मग काम बंद, दुकान बंद, पाणी बंद. आज्यानं डफड्याचं कातडं काढून टाकलं, कडं पोत्यात घातलं आणि बायकापोरं घेऊन मुंबई गाठली. चांदिवली-पवईकडं खाणीत दगड फोडला. आजीनं त्या कड्यावर हंडा ठेवला. तेव्हापासून आमच्या घरात वाद्य नाही. मी शाळेत बँडपथकात नाव दिलं तर बापानं कानफटात मारली होती.

आता हे बघा. अमेरिकेत १७३९ साली साउथ कॅरोलायनात गुलामांनी उठाव केला. ढोल वाजवत निघाले. तो उठाव चिरडला आणि लगेच १७४० साली कायदा केला: गुलामानं ढोल वाजवायचा नाही, शिंग फुंकायचं नाही. मालकाला ढोलाची भीती. ढोल म्हणजे निरोप, ढोल म्हणजे माणसं गोळा करणं. म्हणून तिथं वाजवणं हा गुन्हा होता आणि वाजवत राहणं हे बंड. तळहातानं, पायानं, भांड्यानं, मिळेल त्यानं. न्यू ऑर्लिन्सच्या काँगो चौकात रविवारी मोकळीक असायची, तिथं ते वाजवत. पुढं त्याच गावात मयतीला पितळी बँड लावायची रीत पडली. जाताना संथ, येताना नाचत. जॅझ तिथून वर आला.

आपल्याकडं उलटं. मालकानं ढोल काढून घेतला नाही, गळ्यात अडकवला. वाजवणं ही सक्ती, थांबणं हे बंड. आज्यानं एक सूर न काढता जे केलं ते मी जगातल्या कुठल्याही वादकाच्या तोडीचं मानतो. लुई आर्मस्ट्राँगनं १९५७ साली तेच केलं होतं. लिटल रॉकच्या शाळेत काळ्या पोरांना सैन्य लावून अडवलं, तेव्हा अमेरिकी सरकारच्या वतीनं रशियाच्या दौऱ्यावर जायला त्यानं नकार दिला. जगातला सगळ्यांत मोठा ट्रम्पेटवाला म्हणाला, नाही वाजवत जा. आजा आणि आर्मस्ट्राँग, दोघांनी वर्षभराच्या आतबाहेर एकच गोष्ट केली. एकाचं वर्तमानपत्रात आलं. दुसऱ्याचं पाणी बंद झालं.

आणि ही दोन दुःखं एकमेकांना भेटलीच नाहीत याचा मला राग आहे. महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मोकळं करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कला शिकले आणि १९४६ साली त्यांनी डू बॉईसना पत्र लिहिलं. म. ना. वानखडे अमेरिकेत शिकून आले आणि काळ्यांच्या साहित्याबद्दल आपल्याला सांगू लागले. पुस्तकं आली, नाव आलं, वाघ आला. संगीत मात्र दुसऱ्याच दारानं आलं. १९३५ साली लिऑन अ‍ॅबीचा काळ्या वादकांचा बँड मुंबईत आला आणि ताजमध्ये वाजला. त्याच १९३५ च्या १३ ऑक्टोबरला बाबासाहेबांनी येवल्याला धर्मांतराची घोषणा केली. एकाच वर्षातल्या दोन गोष्टी, एकमेकींना पत्ता नाही. १९७८ च्या फेब्रुवारीत रंगभवनात पहिली जॅझ यात्रा भरली, सॉनी रॉलिन्स वाजवून गेला. त्याच पावसाळ्यात नामांतरासाठी मराठवाड्यात आपली घरं जळली.

हा रॉलिन्स साठच्या दशकाच्या शेवटीसुद्धा आला होता आणि कुठं राहिला होता माहितंय? पवईच्या आश्रमात. वेदांत शिकायला. ‘फ्रीडम स्वीट’ नावाची तबकडी १९५८ साली काढलेला माणूस पवईला डोळे मिटून बसलेला आणि त्याच डोंगराच्या अंगाला माझा आजा, हुकमानं वाजवायचं सोडलेला वाजंत्री, सुरुंगाचे दगड फोडतोय. कोल्ट्रेनचं तेच. १९६१ साली त्यानं ‘इंडिया’ नावाचा तुकडा वाजवला, पोराचं नाव रविशंकरवरून रवी ठेवलं. त्या मोठ्या माणसांना मी दोष देत नाही. ते आले तेव्हा दार उघडणारे जे होते त्यांनी ऋषी दाखवले. गावकुसाबाहेरचा डफडेवाला कुणी दाखवला नाही.

तरी जॅझ आपल्या लग्नात आलाच होता, चोरवाटेनं. ‘अलबेला’, १९५१. भगवानदादांचा सिनेमा, सी. रामचंद्रांचं संगीत. त्यात ज्याच्या बँडचा आवाज आहे तो गोवेकर ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट. मुंबईचा आर्मस्ट्राँग म्हणायचे त्याला. ती गाणी वरातीच्या बँडनं उचलली. माझा बाप वाद्याला शिवत नाही, पण ‘अलबेला’ लागला की खांदा हलतो. पडद्यावर नाव संगीतकाराचं येई. मागं वाजवणाऱ्या गोवेकरांची नावं कुठं येत नसत. आणि गावात आज्याला कुणी नावानं हाक मारली नाही. “वाजंत्री आले का?” एवढंच.

म्हणून नव्या जॅझमध्ये मला पहिल्यांदा काय भावलं असेल, तर नावं. तबकडीवर प्रत्येकाचं नाव असतं. ढोल कुणाचा, बास कुणाचा, ट्युबा कुणाचा. नवीन तबकड्या शोधायची माझी रीत हीच. एक तबकडी आवडली की मागं वाजवणारांची नावं लिहून काढायची. त्यातल्या ढोलवाल्याचं नाव धरायचं आणि त्याची स्वतःची तबकडी हुडकायची. तिथं आणखी चार नावं मिळतात. घाटकोपर ते मरोळ नाका मेट्रोत उभ्याउभ्या एवढं होतं. महाग वाद्यं, महाग तिकिटं लागत नाहीत. बऱ्याच तबकड्या फोनवर फुकट ऐकता येतात, पैसे आले की एखादी विकत घ्यायची.

ऐकायचं कसं हेही सांगतो, कारण सुरुवातीला मला नुसता कालवा वाटायचा. आपला कलगी-तुऱ्याचा सवाल-जवाब आठवा. समोरच्यानं सवाल टाकला, जवाब जागच्या जागी रचायचा, पण चाल सोडायची नाही. हे तसंच. कुणी लिहून दिलेलं नसतं, पण मनाला येईल तेही नसतं. एकजण बोलतो तेव्हा बाकीचे त्याला धरून असतात. मग दुसऱ्याची पाळी. आपल्या बैठकांत एकजण बोलतो तेव्हा बाकीचे काय करतात ते मी लिहीत नाही.

तीन तबकड्या सांगतो. पहिली, ‘इर्रिव्हर्सिबल एंटँगलमेंट्स’ या पाचजणांची. २०१५ साली ब्रुकलिनमध्ये पोलिसी अत्याचाराविरुद्ध वादकांनी कार्यक्रम केला, तिथं ही माणसं जमली. पहिली तबकडी २०१७ ला आली. मूर मदर नावाची कवयित्री बोलते आणि बाकीचे तिच्या वाक्यावर नाही, तिच्या श्वासावर वाजवतात. दुसरी, लंडनच्या ‘सन्स ऑफ केमेट’ची, २०१८ सालची. नाव असं की तुमची राणी सरपटणारी आहे. प्रत्येक तुकडा एकेका काळ्या बाईच्या नावानं: माझी राणी हॅरिएट टबमन, माझी राणी अँजेला डेव्हिस. पहिलाच तुकडा शबाका हचिंग्जच्या स्वतःच्या पणजीचा. सॅक्सोफोन, ट्युबा आणि दोन ढोलवाले, बस. आपल्यातल्या कुणी ‘माझी राणी’ म्हणून रमाईचं, सावित्रीमाईचं आणि स्वतःच्या दगड फोडणाऱ्या आजीचं नाव एका ओळीत लावलंय का?

तिसरी जुनीही आहे आणि नवीही. १९६० साली ढोलवाला मॅक्स रोच आणि गायिका अ‍ॅबी लिंकन यांनी ‘वी इन्सिस्ट’ काढली. त्या वर्षी काळी पोरं गोऱ्यांच्या उपाहारगृहात जाऊन बसत होती, उठत नव्हती. तबकडीच्या कव्हरावर तेच चित्र. आपण महाडला १९२७ साली चवदार तळ्याचं पाणी प्यायलो, तीच जात या गोष्टीची. त्यात एका जागी अ‍ॅबी लिंकन शब्द सोडून देते आणि नुसती किंचाळते. मी ऐकलं तेव्हा कॉटखालचा तो डबा आठवला. २०२५ साली टेरी लिन कॅरिंग्टन या ढोल वाजवणाऱ्या बाईनं आणि गायिका ख्रिस्टी डॅशियलनं तीच तबकडी नव्यानं केली. नक्कल नाही. पासष्ट वर्षांनी आमची मागणी कुठवर आली, असा जणू तिचा हिशोब.

म्हणून नवं ऐका म्हणतो. जुनं थोर आहेच. पण जुनं तेवढंच धरलं की त्याची पूजा होते. आपल्या जयंतीचं बघा. दरवर्षी तोच डीजे, तीच चार गाणी, फक्त भिंती जास्त थरथरतात. ज्या समाजात वामनदादांनी आणि घोगऱ्यांनी जागच्या जागी गाणी रचली, तिथली पोरं आता बटण दाबतात. कुणाला राग आला तर येऊ दे. मीपण त्या डीजेपुढं नाचलोय.

गेल्या महिन्यात रविवारी बापाला ‘सन्स ऑफ केमेट’ लावून दिलं. दोन मिनिटं ऐकून म्हणाला, “दोन जन हायेत. एक इचारतो, दुसरा सांगतो.” मला जे कळायला महिना लागला होता ते. मी धीर करून म्हटलं, “आबा, ते कडं मढवून आणू का? मी शिकतो.”

बापाचा चेहरा असा झाला की मला वाटलं आता कानफटात येणार. “माझ्या बापानं उतारलं ते तू गळ्यात घालनार? त्याच्यापायी आमी उपाशी ऱ्हायलो.” उठून बाहेर गेला. रात्री उशिरा आला. जेवला नाही. चार दिवस बोलला नाही.

मी विषय सोडून दिला. मला कळत होतं की तो बरोबर आहे. जॅझच्या नादानं आज्याचा नकार पुसायचा हक्क मला नाही. आणि हेही कळत होतं की आज्यानं वाजवणं टाकलं नव्हतं, सांगावा टाकला होता. पण हे बापाला सांगणारा मी कोण? उपाशी तो राहिला होता.

पाचव्या दिवशी मी कामाला निघालो तर दारात म्हणाला, “मढवायचं तर मढव. पन बोलावनं आलं म्हनून कुठं जायाचं न्हाई. पाटलाचं नाय, मंत्र्याचं नाय, आपल्यातल्या पुढाऱ्याचं बी नाय.” थोडं थांबून म्हणाला, “आन् हंड्याखाली दुसरं कायतरी आन आधी.”

कडं अजून हंड्याखालीच आहे. कातड्याचा पत्ता काढतोय. पुढच्या ११ जुलैला आम्ही चौघं-पाचजण दहा नावं वाचायचं म्हणतोय. मोठ्यानं नाही, भाषण नाही. एखादी शाळकरी पोरगी वाचेल, मागं मोजकंच वाद्य. जमलं तर. बापानं एक नाव आत्ताच सांगून ठेवलंय, अकरावं: आज्याचं. तो गोळीनं मेला नाही, पण गैरहजर आहे म्हणाला.

दर रविवारी संध्याकाळी आमच्या दाराशी ओट्यावर बसतो. नवीन आलेलं कायतरी लावतो. ज्याला ऐकायचं त्यानं यावं. स्पीकर माझा, चहा ज्याचा त्याचा.